एक्केचाळिसावं गाणं

—नाही हो मिस ट्रॅमेल, लबाडी करायला माणसं लागतात, आणि या रेडिओ स्टेशनवर मी एकटा. निवेदक मी, बातम्या मी, हवामान मी — खिडकीतून बघतो आणि सांगतो — मयतांची नावं वाचणारा मी, आणि पहाटे पाचला येऊन शेगडी पेटवणारा नि फरशी पुसणाराही मीच. लबाडीला वेळ कुठाय? बसा ना. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय निघतो. इथं बसा, खोक्यावर. आत जुन्या रेकॉर्डी आहेत, मोडल्या तर मालक मला दुवा देईल. तर तुम्ही नॅशव्हिलहून दोनशे मैल गाडी हाकत आलात ते हे विचारायला, की होबर्ट ल्यूटरेल मंगळवारची यादी नीट देतो की नाही? चार वर्षं झाली, बाई! चार वर्षं दर मंगळवारी अकराच्या ठोक्याला तुमच्या गाण्यांच्या साप्ताहिकातून फोन येतो, आणि मी आमच्याकडची सगळ्यात चाललेली दहा गाणी वाचून दाखवतो. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. टेनेसीत अशी यादी देणारी स्टेशनं मोजकीच, आणि त्यात आमचं कटर्स गॅप! अडीच हजार वस्ती, तीही कबरस्तान धरून. आम्ही इथून नाव घेतो आणि तिकडं तुमच्या देशभरच्या चाळिसांच्या यादीत गाणी वर चढतात, खाली घसरतात. मी हे मिरवत नाही हं कुठं. फक्त न्हाव्याकडं, चर्चमध्ये आणि पेट्रोल पंपावर.

थांबा, सुई पार आत पोचली, गाणं संपलं. तांबडा दिवा लागला की शिंकायचं नाही — "सुप्रभात, सुप्रभात, माझ्या लाडक्या कटर्स गॅप! मी तुमचा हसरा होबर्ट, आणि हे आहे बीलर पशुखाद्य — बीलरचं खाल्लेली गाय शेजाऱ्याच्या कुंपणाकडं ढुंकून बघत नाही! मिसेस ओकली, गुडघा कसा आहे आज? जिना चढू नका हं. पुढचं गाणं तुमच्यासाठी, फक्त तुमच्यासाठी..." — हं, गेला दिवा. बोला. काय म्हणालात? हो, बदलतो आवाज. बदलावाच लागतो. त्यात मध कालवावा लागतो. अहो, घरी कुणी असं बोलायला लागलं तर दमून नाही का जाणार माणूस?

तर यंदाचं साल. पंच्याहत्तर. मला विचाराल तर इतकं रडकं साल मी पाहिलं नाही. तुमच्याच चाळिसांच्या यादीत मी एकदा खुणा केल्या — एकवीस गाण्यांत बायको घर सोडून जाते, एकोणीस गाण्यांत नवरा. म्हणजे टेनेसीत घरी थांबलंय कोण? कुत्री! आणि गाणारे कोण, तर ज्यांनी जन्मात गाय बघितली नाही ते. कोरी टोपी, कोरे बूट, मागं चाळीस व्हायोलिनं, आणि म्हणे मी खेड्यातला साधा पोर. आमचा स्टीलगिटारवाला म्हातारा बिचारा कोपऱ्यात. मग उन्हाळ्यात ते ट्रकवाल्यांचं वेड आलं — ट्रकमध्ये तो छोटा रेडिओ बसवायचा आणि एकमेकांशी सांकेतिक बोलायचं. इथं आमच्या शाळेचा मुख्याध्यापकसुद्धा जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या गाडीत बसून ट्रक ड्रायव्हर झाला! लोकांना बोलायला एवढं आवडतं, बघा, समोरचा दिसत नसला की. लावली मी ती गाणी. लोकांना हवीत ती लावायची. माझं स्वतःचं मत मी मध्ये आणत नाही. कधीच आणलं नाही. चार वर्षांत एकदाही नाही. — तुम्ही असं का बघताय माझ्याकडं?

हां. हां, ते. बोट उचला की त्या यादीवरून, दिसतंय मला. एक्केचाळीस नंबर. अहो, छापतात चाळीस. एक्केचाळिसावं म्हणजे पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, लोकांना वाटतं शाईचा डाग. नाणं टाकलं की गाणं वाजवणारी यंत्रं ठेवतात ते ज्यूकबॉक्सवाले चाळीसपर्यंत वाचून रेकॉर्डी मागवतात, मोठी स्टेशनं चाळीसपर्यंतच लावतात. एक्केचाळिसावं गाणं झालं काय, न झालं काय. नाव? 'सगळ्यांशी गोड'. गायिका ओपल ग्रिग्सबी. ऐकलंय, ऐकलंय नाव. इकडचीच आहे. ...बरं, ओळखतो मी तिला. एकवीस वर्षं झाली आमच्या लग्नाला.

आता त्यात हसण्यासारखं काय आहे? माहेरचं नाव लावलं तिनं रेकॉर्डवर, मीच सुचवलं. ल्यूटरेल नाव दिसलं तर लोक म्हणणार, नवऱ्यानं वशिला लावला. आणि वशिला मी लावलाच नाही. मी ते गाणं शोधलं! हो! नॉक्सव्हिलला एका गॅरेजवजा स्टुडिओत तिनं दोन गाणी म्हटली. पहिल्या बाजूला आईवरचं गाणं — असतंच, प्रत्येकाला आई असते — आणि मागच्या बाजूला हे, असंच, जागा भरायला. जूनमध्ये रेकॉर्ड आली, मी आईचं लावलं, एकही फोन नाही. दुसऱ्या दिवशी मीच, या हातांनी, ती पलटली. पंधरा फोन! पंधरा, बाई! सगळे बायकांचे. मग मी दिवसाला सहा वेळा लावायला लागलो. अकरा मंगळवार माझ्या यादीत होतं, शेवटचे पाच पहिल्या नंबरावर. ब्रिस्टलच्या स्टेशनवाल्यांनी घेतलं, मग पलीकडच्या केंटकीत दोन ठिकाणी. आणि चढत चढत एक्केचाळीसला येऊन टेकलं. एका स्टेशनचं नाव हवं होतं फक्त. एका.

त्या मंगळवारी काय झालं म्हणता — वादळ झालं. सप्टेंबरचा तिसरा मंगळवार ना? मोठं वादळ. फोनची लाइन पडली. खांबासकट. मी इथं बसून नुसता चरफडत होतो, आणि—

काय आहे ते? दाखवा. ...हो, दहा गाणी आहेत खरी. अकरा वाजून पाच मिनिटं. मी दिलेली.

म्हणजे लाइन नंतर पडली असेल.

थांबा, गाणं संपलं — "आणि मंडळी, आता आपला अदलाबदलीचा कार्यक्रम! मिस्टर हिक्स यांना कोंबड्यांचं खुराडं द्यायचं आहे, कोंबड्यांसह किंवा कोंबड्यांशिवाय. चर्चरस्त्यावरच्या एका बाईंना दुहेरी पलंग देऊन एकेरी हवाय — आम्ही कारण विचारत नाही, प्रिय श्रोतेहो, आम्ही फक्त शुभेच्छा देतो! आणि ओळखा पाहू, आज बाहेर कसं आहे? अगदी तुमच्या हसण्यासारखं लख्ख..." — लावली. ही मोठी आहे, पावणेचार मिनिटं. व्हायोलिनवाली.

तुम्ही ऐकलंय का हो ते गाणं? ओपलचं? तर ऐका, म्हणून दाखवतो, गळा नाहीये मला, पण शब्द बघा नुसते — 'पहाट झाली की तो अख्ख्या गावाला जागं करतो, ज्याच्या त्याच्या गुडघ्याची चौकशी करतो. घरी आला की मीठ हवं तर मिठाकडं बोट करतो.' आता सांगा, हा कोण माणूस? पहाटे उठतो, गोड आवाज, लोकांच्या दुखण्याखुपण्याची चौकशी — सरळ आहे! धर्मोपदेशक! आमचे ब्रदर स्पार्क्स! मी पहिल्यांदा ऐकलं आणि मांडी थोपटून म्हटलं, ओपल, अगं बिचाऱ्याला उघडं पाडलंस तू. ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, भिडस्त आहे, कुणाचं नाव घ्यायला लाजते. मी मग चर्चमध्ये ब्रदर स्पार्क्सच्या बायकोचा हात दोन्ही हातांत धरून म्हटलंसुद्धा, धीर धरा, सगळ्या गावाला कळतंय तुमचं दुःख. ती बाई कशी हसली! आणि तिच्या मागच्या रांगेतल्या बाया पण. मला वाटलं, बरं वाटलं तिला.

नाही, मी मूर्ख नाही, मिस ट्रॅमेल. माणूस स्वतःचा आवाज आतून ऐकतो, बाहेरून ऐकत नाही. हे शास्त्र आहे.

मग? मग काय, डेल्सी. डेल्सी म्हणजे ती कोपऱ्यावर बायकांचे केस करते ती. तोंडाला कुलूप नाही. त्याच मंगळवारी सकाळी फोन केला तिनं, नऊच्या सुमारास, गाण्याची फर्माईश, आणि मी फोन हवेवर घेतो, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा, लोकांना आवडतं. म्हटलं, "बोला, गोड डेल्सी, कोणतं गाणं?" तर म्हणते, "तुझ्या बायकोचं लाव रे होबर्ट. अकरा आठवडे झाले, आम्ही इथं सगळ्याजणी वाट बघतोय." मी म्हटलं, "कशाची वाट?" ती म्हणाली, "तुझी ट्यूब कधी पेटते त्याची. ड्रायरखाली बसलेल्या चौघींनी पैज लावलीय."

हवेवर, बाई. तांबडा दिवा चालू. आणि मी हसलो. हसरा होबर्ट तो! हा-हा-हा म्हटलं, डेल्सी, तू म्हणजे ना — आणि गाणं लावलं. तीन मिनिटं इथं या खुर्चीत बसून ते ऐकलं. सहा-सहा वेळा रोज लावलं होतं, पण लावणं वेगळं. मिठाचं कडवं आलं आणि मला आमचं टेबल दिसलं. तो पिवळा मेणकापडाचा कोपरा, आणि माझं बोट. माझंच बोट. हे बघा, हे. आमच्या टेबलावर दुसऱ्या कुणाचं बोट असणार?

पण म्हणून काय! अहो, पहाटे पाच ते दुपारी दोन नऊ तास मी बोलतो. नऊ तास! मग फिरून जाहिरातवाल्यांकडं. घरी गेल्यावर शब्द उरतात कुठं? गवंडी घरी जाऊन भिंत बांधतो का? आणि तिलाही शांतता आवडते असं मला — म्हणजे तिनं कधी तक्रार — म्हणजे तोंडानं नाही केली. गाण्यातून केली, कबूल. पण नवऱ्याला सांगायच्या आधी पूर्व टेनेसीला आणि अर्ध्या केंटकीला सांगायचं ही काय रीत झाली? आणि मीच वाजवतोय ते! स्वतःच्या हातानं! ढोल गळ्यात बांधून! चाळीसच्या आत आलं असतं तर देशभर. टेक्ससमधले ट्रकवाले बोटं दाखवून मीठ मागायला लागले असते.

अकरा वाजता फोन वाजला. तिचं वगळून पहिल्यापासून नवव्यापर्यंत वाचलं. दहावी जागा — मी म्हटलं, ते कुत्र्याचं.

हो, तेच. महामार्गाच्या कडेला मालकाच्या ट्रकची वाट बघणारं कुत्रं. शेवटी भुंकतंही खरोखरचं. मला ते गाणं आवडत नव्हतं. कुणालाच आवडत नव्हतं, पण त्या क्षणी तीच रेकॉर्ड हाताशी होती. आणि चढलं की ते! सदतीसपर्यंत गेलं, अं? आता तुमच्या वर्षाच्या यादीत छापून येणार, कायमचं. माझ्या बायकोच्या जागी कुत्रं. मी नाही म्हणत नाही, ऐकायला वाईट वाटतं. पण राग एका सकाळचा होता. पुढच्या मंगळवारी मी परत घातलं होतं तिचं गाणं, तुमच्या कागदात बघा, असेल. तोवर ब्रिस्टलवाले कंटाळले होते, केंटकीवाले ट्रकच्या नादी लागले होते. गाणं खाली आलं ते आलंच.

हा काय कागद? सही कुठं? ...अच्छा. 'सदर गाणे नजरचुकीने यादीतून राहून गेले.' आणि एवढ्यावर तुम्ही ते त्या आठवड्याला चाळिसात धराल, आणि शुक्रवारी वर्षाची यादी बंद व्हायच्या आत ओपल ग्रिग्सबीचं नाव आत. एवढंच? माझ्याकडून लबाडीचा कबुलीजबाब वगैरे काही नको? अहो, मग आधी नाही का सांगायचं! मी उगीच इतकं उकरत बसलो. आणा पेन. नजरचूक म्हणजे काय, माणसाची होते, डोळ्यांना त्रास आहेच मला. ओपलला सांगेन, बघ, तुझं नाव आणलं. मीच आणलं. खूश होईल. हल्ली जरा गप्प असते. सप्टेंबरपासून. गिटार भावाला देऊन टाकली, मनगट दुखतं म्हणाली. मला काही त्रास नाही तिच्या गप्प राहण्याचा, घरात शांतता असते, दोघंही आपापलं — कुठं करू सही? इथं?

ते पिवळं कार्ड कसलं? ते पण जोडायचं?

द्या इकडं. चष्मा... हं. तुमच्या फोनवरच्या मुलीचं अक्षर. पेन्सिलनं आहे. तोच मंगळवार. 'ल्यूटरेल यांच्या यादीत सलग अकरा आठवडे असलेले ग्रिग्सबीचे गाणे आज नाही. चूक असावी म्हणून, स्टेशनवर कुणी उचलेना तेव्हा घरी फोन केला, चार वाजून दहा मिनिटे.' घरी? माझ्या घरी फोन केला तिनं? 'सौ. ल्यूटरेल बोलल्या. म्हणाल्या, यादी बरोबर आहे, बदलू नका. मी फोन केला हे त्यांना कळवू नये, बिचाऱ्याला वाईट वाटेल.'

बिचाऱ्याला.

चार वाजून दहा मिनिटे म्हणजे — मी सहाला घरी गेलो त्या दिवशी. राजमा होता आणि मक्याची भाकरी. तिनं वाढलं. आणि समोर बसली, तसं ती बसत नाही, ती उभ्यानं आवरत असते. म्हणाली, "होबर्ट, आज यादी दिलीस?" मी म्हटलं, "वादळानं लाइन पडली." ती खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर, मिस ट्रॅमेल, पानसुद्धा हलत नव्हतं. लख्ख ऊन. मीच सकाळपासून गावाला सांगत होतो लख्ख ऊन म्हणून, आणि ती तर रोज माझा कार्यक्रम लावते. डेल्सीचं बोलणं ऐकलं असणार तिनं. माझं हसणं पण. सगळं ठाऊक असून विचारलं हो तिनं. विचारलं म्हणजे — संधी दिली. एक वाक्य बोलायचं होतं मला. मी मान खाली घालून जेवलो, आणि मीठ हवं म्हणून हात उचलला, तर तिनं आधीच पुढं सरकवलं होतं. "बरं," म्हणाली. तीन महिने झाले. त्यानंतर ती जे काही बोललीय ते वाणसामानाचं बोललीय, आणि मी, गाढव, मला वाटलं, काय सुखाचं घर आहे.

नाही, पाणी नको. गाणं संपतंय, कळतंय मला. संपू दे.

तो कागद द्या. नजरचूक हा शब्द खोडतो मी. 'मुद्दाम केले. गाणे चांगले होते. होबर्ट ल्यूटरेल.' घ्या. याच्यावर तुम्ही तिला यादीत घेता की मला यादीतून काढता ते तुमच्या साहेबांना ठरवू दे. मंगळवारी फोन नाही आला तर मी समजून जाईन. — फोन? इथून घरी? नको. फोन हातात आला की माझा आवाज आपोआप हसरा होतो, तिला तो आवाज पुरे झालाय. आणि हवेवरून तर मुळीच नको, मला माहितीय तुम्हाला काय सुचवायचंय, छान वाटेल ऐकायला, डेल्सी रडेल. गावाला पुष्कळ सांगून झालं.

आता इथं तुम्ही बसा. हा खटका वर केला की दिवा लागतो, तो करू नका. ही रेकॉर्ड इथं ठेवायची, सुई अलगद कडेला. संपली की खालची. काही बोलू नका मध्ये. गावाला वाटेल स्टेशन बंद पडलं, वाटू दे, बीलरच्या गाई एक दिवस उपाशी मरत नाहीत. माझा कोट — त्या खिळ्याला, हां. तीन मैल आहे घर. काय बोलायचं ते मला खरंच माहीत नाही, मिस ट्रॅमेल. वाटेत सुचलं तर सुचलं. नाही सुचलं तर मी बसेन टेबलाशी आणि म्हणेन, तू बोल. आणि मग गप्प बसेन. सरका बघू, दार तुमच्या मागं आहे.